१२९ शूटआउट आणि एक नाणं

फुटबॉलच्या अर्थशास्त्रात एक आकडा बरीच वर्षं फिरतो आहे: ६०.५ टक्के. पेनल्टी शूटआउटमध्ये जो संघ पहिली किक मारतो, तो इतक्या वेळा जिंकतो, असं हा आकडा सांगतो. समालोचनात तो ऐकू येतो, लेखांत येतो, आणि 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या वर्गात नॅचरल एक्स्पेरिमेंटचं उदाहरण म्हणून तर हमखास येतो. तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल, तर आज ना उद्या कुणीतरी तुम्हाला तो पेपर 'आदर्श' म्हणून वाचायला देईल. तो जरूर वाचा. मात्र या लेखात मी त्याच्यावर टीका करणार आहे, आणि त्याच्या टीकाकारांवरही. कारण दोन्ही बाजूंनी जे झालं, ते तुमच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये तुमच्या बाबतीत होऊ शकतं.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बाद फेरीचा सामना जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिला, तर दोन्ही संघ आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी मारतात. आधी अ, मग ब, पुन्हा अ, पुन्हा ब. पाचांनंतरही बरोबरी असेल, तर एकेक किक मारत पुढे जायचं. १९७० साली ही पद्धत नियमांत आली. त्याआधीचा प्रकार आज विचित्र वाटेल: १९६८ च्या युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत युनियन यांचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला, आणि इटली चक्क नाणेफेकीवर अंतिम फेरीत गेली. शूटआउट आलं तेव्हा नाणं बाजूला पडलं असं वाटलं. पण ते पूर्ण गेलं नाही. पहिली किक कुणाची, हे ठरवायला उरलंच.

अर्थशास्त्रज्ञांचं लक्ष नेमकं त्या नाण्याकडे गेलं. होसे आपेस्तेगिया आणि इग्नासिओ पालासिओस-वेर्ता यांचा पेपर २०१० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. त्यांचा युक्तिवाद इतका स्वच्छ आहे की पहिल्या वाचनात माणूस खूश होतो. माणसावर दडपण आलं की त्याची कामगिरी बिघडते का, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न. पण प्रत्यक्ष जगात तो तपासणं अवघड, कारण दडपणाखाली कोण सापडतं हे योगायोगाने ठरत नाही. कमकुवत कंपनी मागे पडते, कमकुवत विद्यार्थ्याला शेवटच्या दिवशी धावपळ करावी लागते. मागे पडल्यामुळे कामगिरी बिघडली, की कामगिरी वाईट होती म्हणून मागे पडले? गुंता सुटत नाही. शूटआउटमध्ये मात्र पहिला कोण आणि दुसरा कोण हे नाणं ठरवतं. दोन्हीकडे व्यावसायिक खेळाडू, काम तेच, अंतर तेच अकरा मीटर, पणाला लागलेली गोष्ट तीच. फरक एवढाच की दुसरा संघ बहुतेक वेळा पिछाडीवर असताना किक मारतो. मग पहिला संघ निम्म्याहून जास्त वेळा जिंकत असेल, तर तो फरक दडपणाचाच, असा त्यांचा निष्कर्ष.

त्यांनी १२९ शूटआउट घेतली. पहिल्या संघाने जिंकली ६०.५ टक्के, म्हणजे ७८.

इथे जरा थांबू. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, मार्टिन कोखर, मार्क लेन्झ आणि माथियास झुटर यांनी 'मॅनेजमेंट सायन्स'मध्ये उत्तर दिलं. त्यांनी हीच गोष्ट जास्त पद्धतशीरपणे केली: सहा मोठ्या स्पर्धा निवडल्या आणि त्यांच्या संपूर्ण इतिहासातली शूटआउट गोळा केली. संख्या झाली ५४०. पहिल्या संघाचा विजय सुमारे ५३ टक्के, आणि हा आकडा ५० पेक्षा 'सांख्यिकीदृष्ट्या वेगळा नाही'. त्यांनी दोन गोष्टी म्हटल्या. एक, आधीचा निष्कर्ष सर्वत्र टिकणारा नाही. दोन, ठोस निकष न ठेवता डेटाचा एखादा तुकडा उचलला, तर मिळणारं चित्र प्रातिनिधिक नसू शकतं.

रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये या दोन पेपरांबद्दल विद्यार्थी काय लिहितात, ते मी बरेच वेळा वाचलं आहे. "अमुक यांना परिणाम आढळला; तमुक यांना आढळला नाही; या विषयावर मतभेद आहेत." बस्स. पुढचा परिच्छेद. दोन पेपर एकमेकांशी भांडत आहेत असं यात गृहीत धरलेलं असतं. आपण आधी हे भांडण खरंच आहे का ते बघू, आणि त्यासाठी शाळेतल्या गणितापलीकडे फारसं काही लागत नाही.

१२९ वेळा नाणं उडवलं, तर सरासरी ६४.५ वेळा छापा पडेल, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन असेल १२९ च्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे ५.७ च्या आसपास. ७८ हा आकडा सरासरीपासून १३.५ लांब आहे. पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.०२. ठीक, ०.०५ च्या आत. आता खऱ्या टक्केवारीचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा: साधारण ५२ ते ६९. दुसऱ्या पेपरसाठी तोच हिशोब केला तर इंटरव्हल येतो साधारण ४९ ते ५७.

दोन्ही इंटरव्हल शेजारी ठेवून बघा. ५२ ते ५७ हा पट्टा दोघांतही आहे. खरी टक्केवारी ५४ असेल, तर दोन्ही पेपर तिच्याशी सुसंगत आहेत. एकाचा निकाल 'सिग्निफिकंट' आणि दुसऱ्याचा 'नॉन-सिग्निफिकंट', पण त्या दोघांमधला फरक स्वतः सिग्निफिकंट नाही! अँड्र्यू गेलमन आणि हॅल स्टर्न यांनी २००६ मध्ये नेमक्या याच चुकीवर एक छोटा पेपर लिहिला होता. तरीही ती चुकत नाही, रोज होते. (दोन्ही सॅम्पलमध्ये काही शूटआउट सामाईक असणार, त्यामुळे नेमका हिशोब थोडा वेगळा येईल. मुद्दा बदलत नाही.)

म्हणजे कोखर आणि सहकाऱ्यांनी 'परिणाम नाही' असं दाखवलं, असं म्हणणं चूक. त्यांनी 'परिणाम साठ टक्क्यांएवढा मोठा असण्याची शक्यता कमी' हे दाखवलं, आणि ते महत्त्वाचं आहे. पण पहिल्या संघाला तीन-चार टक्क्यांचा फायदा असेल, तर ५४० शूटआउटमध्ये तो खात्रीने पकडता येत नाही. ५० आणि ५३ यांतला फरक ८० टक्के पॉवरने पकडायचा, तर साधारण २२०० शूटआउट लागतात. नव्या संशोधकाला हा आकडा पहिल्यांदा ऐकला की धक्का बसतो. ५० आणि ६० मधला फरक पकडायला दोनशे पुरतात, आणि ५० आणि ५३ साठी दोन हजारांच्या वर! फरक एक तृतीयांशापेक्षा कमी झाला की लागणारा सॅम्पल अकरापट होतो, कारण तिथे वर्ग येतो.

आता पहिल्या पेपरकडे परत या, कारण खरा गमतीचा भाग तिथे आहे. समजा देवाला ठाऊक आहे की खरी टक्केवारी ५३ आहे. आणि समजा तुम्ही १२९ शूटआउटचा अभ्यास केलात. तुमचा निकाल ०.०५ च्या कसोटीत बसायचा असेल, तर पहिल्या संघाचे कमीत कमी ७७ विजय हवेत. ७७ म्हणजे जवळजवळ ६० टक्के. म्हणजे ५३ हे खरं उत्तर तुम्हाला अगदी अचूक मिळालं, तरी ते 'सिग्निफिकंट' नसेल. पेपर कदाचित छापलाच जाणार नाही. सिग्निफिकंट व्हायचं असेल, तर उत्तर चुकीचं, फुगलेलं असणं ही अटच आहे. असा अभ्यास शंभर वेळा केला, तर जेमतेम आठेक वेळा कसोटी ओलांडता येईल, आणि त्या आठांत पहिल्या संघाची सरासरी टक्केवारी येईल एकसष्टच्या आसपास.

छापून आलेला आकडा होता ६०.५.

यावरून तो पेपर चुकीचा ठरत नाही, हे लक्षात घ्या. खरी टक्केवारी ६० असती, तरीही ६०.५ च आला असता. माझं म्हणणं वेगळं आहे: १२९ च्या सॅम्पलला हळू आवाजात बोलताच येत नाही. तो एक तर गप्प बसतो किंवा ओरडतो. आणि जर्नलं फक्त ओरडणं छापत असतील, तर छापलेल्या ओरडण्यावरून मूळ आवाज किती मोठा होता हे कळायला मार्ग नाही. विश्वास बसत नसेल, तर एक्सेल उघडा. १२९ ओळी, प्रत्येकीत ०.५३ च्या शक्यतेने १, नाहीतर ०. बेरीज करा. हेच हजारदा करा, आणि ७७ च्या वरचे तेवढेच बाजूला काढून त्यांची सरासरी बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःच्या विषयावर हा खेळ खेळून बघितलात, तर कदाचित सिनॉप्सिस बदलेल.

कोखर यांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे डेटा कसा निवडला याकडे येऊ. पहिल्या पेपरमधली शूटआउट दहा वेगवेगळ्या स्पर्धांच्या वेगवेगळ्या मोसमांतून आली होती. टीकाकार म्हणतात, निकष काय? प्रश्न रास्त आहे. पण यावर वर्गात जी चर्चा होते ती फार ढोबळ असते. "सॅम्पल प्रातिनिधिक नाही, म्हणून निष्कर्ष बाद." इतकं सोपं नाही ते. नाणेफेक प्रत्येक शूटआउटमध्ये स्वतंत्रपणे होते. त्यामुळे निकाल न बघता तुम्ही कुठलीही १२९ शूटआउट उचला, फक्त पावसाळ्यातली घ्या, फक्त मंगळवारची घ्या, त्या तुकड्याच्या आत पहिला-दुसरा हे नाण्यानेच ठरलेलं असतं. तुलना शाबूत राहते. रँडमायझेशनची ताकद हीच, आणि मूळ लेखकांच्या बाजूने हे म्हटलंच पाहिजे.

बिघडतं कधी? शूटआउट तुमच्या तक्त्यात येण्याची शक्यता 'कोण पहिला होता आणि कोण जिंकला' यावर अवलंबून असेल तेव्हा. हे वाटतं तितकं अशक्य नाही. जुन्या सामन्यांच्या बातम्यांत निकाल असतो: अमुक संघ पेनल्टीवर ४-३ असा जिंकला. पहिली किक कुणी मारली, हे बऱ्याचदा नसतं. ते शोधायला सविस्तर वृत्तांत लागतो, आणि सविस्तर वृत्तांत गाजलेल्या सामन्यांचेच मिळतात. बरं, वृत्तांतात संघांची नावं ज्या क्रमाने येतात तो यजमान आणि पाहुणे असा क्रम असतो, किंवा विजेता आधी लिहिलेला असतो. डेटा भरणाऱ्याने नकळत 'आधी लिहिलेला तो पहिला' असं धरलं, तर विजेते आपोआप 'पहिले' होत जातील! इथे मी कुणावर आरोप करत नाही. शूटआउटचा डेटा गोळा करताना छिद्रं कुठे असतात, ते दाखवते आहे. 'बायस' हा शब्द लिहून मोकळं होऊ नका. तो कुठल्या दाराने आत येतो ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर ती टीका नाही, नुसती शंका आहे.

अजून एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती ६० की ५३ या वादापेक्षा मोठी आहे. २००३ पर्यंत नियम असा होता की नाणेफेक जिंकणाऱ्या संघाने पहिली किक मारायची. पर्याय नव्हता. २००३ मध्ये नियम बदलला आणि जिंकणाऱ्या कर्णधाराला पहिलं की दुसरं हे निवडायची मुभा मिळाली. पहिल्या पेपरची १२९ शूटआउट बदलाच्या आधीची आहेत, आणि लेखकांनी ती मुद्दाम घेतली, कारण तेव्हा क्रम पूर्णपणे योगायोगाने ठरत होता. अगदी बरोबर. पण आता नीट विचार करा: तेव्हा पहिली किक मारणारा संघ हा प्रत्येक वेळी नाणेफेक जिंकलेलाही संघ होता. दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या. योगायोगाने जी वाटली गेली ती 'पहिली किक' नव्हती. ती होती 'नाणेफेक जिंकणं आणि पहिली किक' अशी जोडी. एकशेवीस मिनिटं धावून थकलेल्या अकरा जणांसमोर त्यांच्या कर्णधाराने नाणेफेक जिंकली, याचा काहीच परिणाम होत नाही असं तुम्ही छातीठोकपणे म्हणाल का? क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांना तर हे सांगायला नको. परिणाम असेल किंवा नसेल, पण त्या डेटावरून दोन्ही वेगळे करता येणार नाहीत, सॅम्पल कितीही मोठा केला तरी.

हे वाक्य जरा अधोरेखित करून ठेवा, कारण व्हायवामध्ये यावरच प्रश्न येतात. सॅम्पल वाढवल्याने आकड्याभोवतीचा धूर कमी होतो. आकडा नेमका कशाचा आहे, हे त्याने ठरत नाही. '२२०० शूटआउट घ्या' हा माझाच सल्ला इथे उपयोगाचा नाही.

मग २००३ नंतरचा डेटा घेतला तर? तिथे नाणेफेक जिंकणं आणि पहिली किक तत्त्वतः सुटी होतात. पण प्रत्यक्षात कर्णधार काय करतात? पहिल्या पेपरच्या लेखकांनी ज्या शूटआउटचं चित्रीकरण मिळालं त्यांत नाणेफेकीचे क्षण तपासले: २१ पैकी २० कर्णधारांनी पहिली किकच निवडली. खेळाडू आणि प्रशिक्षकांना विचारलं, तेव्हाही बहुतेकांचं उत्तर तेच. म्हणजे सुटी झालेली जोडी खेळाडूंनी पुन्हा चिकटवली. लेखक मात्र याकडे निष्कर्षाचा आणखी एक पुरावा म्हणून बघतात: व्यावसायिकांना स्वतःच्या मनावरच्या दडपणाची जाणीव आहे आणि ते शहाणपणाने वागतात.

इथे मला पेपर सगळ्यात कच्चा वाटतो. सगळे कर्णधार एकच निवड करतात यावरून एवढंच कळतं की सगळ्यांची समजूत एक आहे. समजूत खरी आहे की नाही, हे त्याच डेटाने सांगायला हवं, आणि तो डेटा म्हणजे पुन्हा तेच १२९. अर्थशास्त्रात ही सवय फार आहे: तज्ज्ञ माणूस काही सातत्याने करतोय म्हणजे ते फायद्याचंच असणार. पण याच खेळाच्या अर्थशास्त्रातलं उलटं उदाहरणही प्रसिद्ध आहे. मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक जवळजवळ नेहमी डावीकडे किंवा उजवीकडे झेपावतात, आणि मध्ये उभं राहणं ज्या प्रमाणात फायद्याचं ठरलं असतं त्याहून फारच कमी वेळा ते मध्ये राहतात. तेही व्यावसायिकच. एका पेपरमध्ये व्यावसायिकांची सवय म्हणजे शहाणपण, आणि दुसऱ्यात तीच सवय म्हणजे पूर्वग्रह. दोन्ही पेपर चांगले असू शकतात. पण 'ते व्यावसायिक आहेत' या एका वाक्यावर दोन्हीकडे वजन टाकता येत नाही.

मूळ पेपरच्या शीर्षकातला 'मानसिक दडपण' हा शब्दही मला खटकतो, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. पहिला संघ जास्त जिंकतो हे निरीक्षण. दडपणामुळे जिंकतो हे स्पष्टीकरण. 'दुसरं काही कारण दिसत नाही, म्हणून मानसिक' ही वजाबाकीची पद्धत आहे. ती चालते, फक्त ती वजाबाकी आहे हे लिहायला हवं.

पेपर वाचताना आणखी एका आकड्यावर तुमची नजर अडखळली पाहिजे: १३४३. त्या १२९ शूटआउटमधल्या किकची ती संख्या. १२९ पेक्षा १३४३ ऐकायला कितीतरी भक्कम वाटतं, नाही का? पण नाणं १३४३ वेळा उडवलं गेलं नव्हतं. एका शूटआउटमधल्या दहा किक एकाच संध्याकाळच्या, त्याच दोन गोलरक्षकांसमोरच्या, आधीच्या किकवर अवलंबून असलेल्या. योगायोगाचं वाटप ज्या पातळीवर झालं, मोजदादही त्याच पातळीवर. तुमच्या अभ्यासात चाळीस शाळा आणि चार हजार मुलं असतील, आणि कार्यक्रम शाळानिहाय वाटला गेला असेल, तर तुमचा सॅम्पल चाळीसचा आहे. गाइडला हे आवडणार नाही. तरीही.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा किकसाठी एवढा खल कशाला? त्याचं कारण असं की हा वाद कागदावर राहिला नाही. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या 'आयफॅब' या मंडळाने २०१७ मध्ये नव्या क्रमाची चाचणी करायला परवानगी दिली: अ-ब-ब-अ, टेनिसच्या टायब्रेकमध्ये सर्व्हिस जशी बदलते तसा. मे महिन्यात युरोपातल्या १७ वर्षांखालील स्पर्धांपासून चाचणी सुरू झाली. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या कम्युनिटी शील्डमध्ये आर्सेनलने चेल्सीला याच क्रमात ४-१ असं हरवलं. समर्थनासाठी साठ-चाळीसचा आकडाच पुढे केला जात होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयफॅबने हा पर्याय गुंडाळला. कारण? पद्धत किचकट आहे आणि तिला भक्कम पाठिंबा नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हलचा उल्लेख कुठेही नाही. म्हणजे नियम बदलायचा विचार आकड्यामुळे सुरू झाला, पण सोडला गेला तो वेगळ्याच कारणाने. धोरणाच्या जगात असंच होतं, आणि त्याचं दुःख करण्यात अर्थ नाही. मात्र उद्या तुमचा आकडा कुणी उचलला, तर तो उचलणारा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या मर्यादा वाचणार नाही, एवढं धरून चाला.

नंतरच्या वर्षांत मोठ्या सॅम्पलवर काम होत राहिलं. पिप्के यांच्या २०२१ च्या पेपरचं शीर्षकच सांगतं की मोठ्या सॅम्पलमध्ये पहिल्या संघाच्या फायद्याचा पुरावा सापडत नाही. साठचा आकडा आज जवळजवळ कुणी गंभीरपणे धरून बसू नये, असं माझं मत आहे. दोन-तीन टक्क्यांचा फायदा असेलही. पुरुषांच्या विश्वचषकाचे तीन अंतिम सामने शूटआउटवर गेले: १९९४, २००६ आणि २०२२. १९९४ मध्ये इटलीने पहिली किक मारली आणि ब्राझील जिंकलं. २००६ मध्ये पुन्हा इटली पहिली, आणि तीच जिंकली. २०२२ मध्ये फ्रान्स पहिला आणि अर्जेंटिना विजेता. तीनांपैकी दोन वेळा दुसरा संघ. यावरून काहीही सिद्ध होत नाही, पण चहाच्या टपरीवर कुणी साठ टक्के ऐकवले तर उपयोगी पडेल.

कुणाला यावर स्वतः हात चालवायचा असेल, तर आपल्याकडेही जागा आहे. इंडियन सुपर लीगचे २०२२ आणि २०२३ चे दोन्ही अंतिम सामने गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाले आणि दोन्ही शूटआउटवर सुटले: आधी हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला, मग एटीके मोहन बागानने बेंगळुरूला हरवलं. ड्युरंड, संतोष ट्रॉफी, जुना फेडरेशन कप, सगळं धरलं तर एमएच्या प्रबंधापुरता डेटा निघेल. कुठल्या स्पर्धा, कुठल्या वर्षांपासून आणि क्रम सापडला नाही तर काय करायचं, हे पहिला निकाल भरण्याआधी लिहून, तारीख घालून गाइडला मेल करून ठेवा. क्रम न सापडलेली शूटआउट तक्त्यातून उडवू नका, रिकामी ठेवा. किती रिकामी राहिली आणि त्यांतले विजेते कोण, हीच पुढे तुमची सगळ्यात कामाची माहिती ठरेल. आणि 'नाणेफेक कुणी जिंकली' आणि 'पहिली किक कुणाची' यांचे रकाने वेगवेगळे करा. २००३ च्या आधीच्या ओळींत दोन्हीकडे एकच नाव येईल, तरीसुद्धा.